चालत जाण्याइतक्या अंतरावरचं हॉटेल: एक मोठ्ठा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका हॉटेलचा नाहीये, त्यामुळे नाव शोधत बसू नका. शहराच्या कडेला जिथे माणसं राहतात तिथे घरापासून पाच-दहा मिनिटांवर जी हॉटेलं असतात, औषधाचं दुकान आणि सलूनच्या मधल्या गाळ्यात घुसवलेली, ज्यांचा फोटो कुणी मासिकात छापत नाही आणि जिथे आपण बेत आखून नाही तर स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून जातो, त्या सगळ्यांचा मिळून हा रिव्ह्यू आहे. अशी हॉटेलं मी भरपूर खाल्लीत, काही आवडली, काहींवर अजून राग आहे, आणि एक गोष्ट सतत जाणवते ती म्हणजे आपण या हॉटेलांना चुकीच्या फुटपट्टीने मोजतो.

फुटपट्टी म्हणजे काय ते बघा. हॉटेलांना तारे द्यायची फॅशन ज्यांनी आणली ती मिशेलिन ही टायरची कंपनी. १९०० साली त्यांनी गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं, हेतू सरळ होता, लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात म्हणजे टायर झिजतील. १९२६ पासून तारे द्यायला लागले, पुढे १९३१ मध्ये दोन आणि तीन तारे आले. आणि त्या ताऱ्यांचा अर्थ काय, तर दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन तारे म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं. म्हणजे अख्खं मोजमापच कशावर, तर तुम्ही किती लांबून यायला तयार आहात यावर! आता घराजवळच्या हॉटेलला हे लावलं की सगळी नापास, कारण तिथे लांबून कुणी येतच नाही, येणार पण नाही. १९९७ मध्ये त्यांनी बिब गुरमाँ नावाचा वेगळा शिक्का काढला, चांगलं जेवण आणि दर आवाक्यात, ते जरा आपल्या जवळ येतं, पण तेसुद्धा शोधत जाणाऱ्यांसाठीच.

माझ्या मते उपनगरातल्या हॉटेलचं माप बरोब्बर उलटं पाहिजे. किती लांबून जाल हे नाही, किती वेळा जाल हे. कारण त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. शहराच्या मध्यावरच्या हॉटेलला रोज नवीन माणूस मिळतो, ऑफिसवाला, टुरिस्ट, कुणीतरी कुणाला तरी भेटायला आलेला, एखादा नाराज होऊन गेला तरी उद्या दुसरा आहे. इथे तसं नाही, आजूबाजूची तीच ती घरं, तीच माणसं, तुम्ही दोनदा वाईट खाल्लं की तुम्ही गेलात, आणि जाताना शेजारच्यांना सांगून गेलात. म्हणून इथे एकदाच मिळालेलं झकास जेवण काही कामाचं नाही, पुढच्या खेपेला पण तेच, तसंच आलं पाहिजे.

म्हणून माझा पहिला नियम, शनिवारी रात्री जाऊन मत बनवू नका. शनिवारी सगळीच हॉटेलं फुल असतात, किचनमध्ये केओटीच्या, म्हणजे आत पाठवलेल्या ऑर्डरींच्या, चिठ्ठ्यांची माळ लागलेली असते, वेटरला श्वास घ्यायला फुरसत नाही, अशा वेळी जे येतं ते त्या हॉटेलचं खरं जेवणही नाही आणि खरी सर्व्हिसही नाही. मंगळवारी जा. किंवा बुधवारी. अर्धी टेबलं रिकामी, बाहेर बारीक पाऊस, तुम्ही दमलेले. आता दिसतं खरं काय ते. शनिवार-रविवारचं उरलेलं सॉस तसंच चाललंय का, सॅलडच्या पानांच्या कडा काळ्या पडल्यात का, दोनच टेबलं आहेत म्हणून पटकन येतंय की दोनच टेबलं आहेत म्हणून कुक मागे फोनवर बोलतोय. मंगळवारी जे हॉटेल नीट खायला घालतं ते शनिवारीही फार वाईट वागत नाही, उलट मात्र मी अनेकदा बघितलंय, शनिवारी लाइटिंग, म्युझिक, गर्दी, सगळा माहोल, आणि मंगळवारी शिळं सूप.

सूपवरनं आठवलं. एका ठिकाणी (नाव सांगणार नाही) सूप आलं ते असं की वर पातळ साय धरलेली, वाटीच्या काठाला आत एक गडद रेघ, म्हणजे आधी सूप तिथपर्यंत होतं आणि मग बसत बसत खाली गेलं, वाफ शून्य. मी वेटरला म्हटलं, दादा हे गरम करून आणा. तो गेला, तीन-चार मिनिटांनी आला, काठ स्वच्छ पुसलेला, वर कोथिंबीर नवीन, आणि चमच्याने ढवळलं तर ती साय तुकड्या-तुकड्यांनी आत फिरतेय! म्हणजे वाटीसकट गरम करून, ढवळून, पुसून परत. आता यात फक्त चवीचा प्रश्न नाहीये, शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे पडून राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून नियमच असा की गरम ठेवायचं तर ६० च्या वर ठेवा, नाहीतर लवकर थंड करून फ्रीजमध्ये टाका, आणि परत द्यायचं तर नुसतं कोमट नाही, ७४ अंशांपर्यंत कडकडीत तापवून द्या. भाताच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर पडून राहिलं की ते जागे होतात आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की परत गरम करूनही ते जात नाही. हे सगळं गिऱ्हाइकाला थर्मामीटर लावून बघता येत नाही, पण वाफ बघता येते, काठ बघता येतो. मी आता सूप आलं की आधी काठ बघते, माझ्या बरोबरच्यांना याचा वैताग येतो, येऊ दे.

आता मेन्यू कार्ड. अशा हॉटेलांचं मेन्यू कार्ड हा स्वतंत्र विषय आहे. जाडजूड, प्लॅस्टिक चढवलेलं, कोपरे उकललेले, आणि आत चार देशांचं जेवण. लोक हसतात, एवढं सगळं एका किचनमध्ये कसं बनतं म्हणून. मी पण हसायचे, पण कारण समजून घेतलं तर इतकं हसू येत नाही. घराजवळच्या हॉटेलात येतं कोण, तर फॅमिली. एका टेबलावर आजी, तिला तिखट नको. दोन पोरं, त्यांना नूडल्स नाहीतर पिझ्झा. एकजण डाएटवर. एकाला कशाची तरी अ‍ॅलर्जी. या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ग्रुपमधल्या ज्या एका माणसाला तुमच्याकडे खायला काही मिळत नाही तोच अख्ख्या ग्रुपचा निकाल लावतो, त्याला व्हेटो व्होटच म्हणतात. त्या एका माणसासाठी मेन्यूत चार पानं वाढतात. शहरातल्या एका फेमस ठिकाणी पाचच पदार्थ ठेवून चालतं, कारण तिथे ते पाच खायलाच माणूस येतो, इथे पाच ठेवले तर आजी म्हणेल घरीच बरं.

पण फ्रीज तेवढाच असतो ना. म्हणजे शंभर पदार्थ असले तरी मुळातले सॉस तीन-चारच, त्यातच क्रीम घाल, तिखट घाल, चीज किस, नाव बदल. याला फसवणूक म्हणणार नाही मी, पण ऑर्डर करताना डोक्यात असू द्या, कारण चार जणांनी चार वेगवेगळ्या नावांच्या डिश मागवल्या आणि टेबलावर एकाच रंगाच्या चार वाट्या आल्या हा प्रकार अनुभवला नाही असं कुणी आहे का?

मग मागवायचं काय? इथे एक मस्त गोष्ट आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कासावाना आणि स्मिथ या दोघांनी १९८२ मध्ये मेन्यू इंजिनिअरिंग म्हणून एक पद्धत मांडली, हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना ती अजून शिकवतात. प्रत्येक पदार्थ दोन गोष्टींवर तपासायचा, खपतो किती आणि सुटतं किती. खपतोही आणि सुटतंही भरपूर तो स्टार. खपतो भरपूर पण सुटतं कमी तो नांगराचा घोडा. सुटतं भरपूर पण कुणी मागत नाही ते कोडं. आणि दोन्हीत फेल तो डॉग, बिचारा कुत्रा, तो कार्डावरून काढायचा. आता हे मालकाच्या बाजूने झालं, पण आपल्या बाजूने उलटं करून वापरता येतं. वेटर जे आवर्जून सुचवतो, कार्डावर जे चौकटीत ठळक टाकलंय, ते बहुतेक वेळा कोडं असतं, म्हणजे मालकाला खपवायचंय. आणि जे साधं, आजूबाजूच्या तीन टेबलांवर दिसतंय, ज्याचा फोटो पण कार्डावर नाही, तो नांगराचा घोडा. तो मागवा. दिवसभर खपतो म्हणून सामान ताजं असतं, कुकच्या हाताला बसलेला असतो, आणि दरही त्यात सगळ्यात प्रामाणिक असतो. मी हल्ली आत शिरताना आधी लोकांच्या ताटात बघत बघत जाते, असभ्य दिसत असेल, पण मेन्यू कार्डापेक्षा जास्त कळतं.

आजचं स्पेशल म्हणून फळ्यावर जे लिहितात त्याबद्दल मात्र माझं मत पक्कं होत नाही. कधी खरंच सकाळी बाजारात काहीतरी चांगलं मिळालेलं असतं, कधी फ्रीज रिकामा करायचा असतो. विचारायचं सरळ, आजच का आहे हे? ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच सांगतो. जो आत जाऊन विचारून येतो आणि ‘एकदम फ्रेश आहे ताई’ एवढंच सांगतो, त्याच्याकडे स्पेशल घेऊ नका.

किमतींबद्दल एकच सांगते. कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००९ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये बघितलं की मेन्यूवर चलनाचं चिन्ह न टाकता नुसता आकडा लिहिला की लोक जास्त खर्च करतात. तेव्हापासून नुसते आकडे दिसले की मी जरा सावध बसते. घराजवळच्या हॉटेलांत मात्र ही कला कमीच, तिथे जुन्या आकड्यावर स्टिकर लावून नवीन आकडा टाकलेला असतो, आणि लहान मुलं तो स्टिकर नखाने खरवडून खालचा आकडा मोठ्याने वाचतात.

सर्व्हिस. हा या हॉटेलांचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आणि सगळ्यात मोठा वैताग पण. प्लस असा की माणसं ओळखतात. आत शिरलं की पाणी साधं का थंड हे विचारत नाहीत, आणून ठेवतात. पोरगं मागच्या वेळी आजारी होतं ते लक्षात असतं. समाजशास्त्रात रे ओल्डनबर्ग नावाच्या माणसाने १९८९ मध्ये एक कल्पना मांडली, तिसरी जागा, म्हणजे घर ही पहिली, काम ही दुसरी, आणि जिथे ओळखीची माणसं सहज भेटतात ती तिसरी, आणि त्याची तक्रारच ही होती की उपनगरांत अशा जागा उरलेल्याच नाहीत, माणूस घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात. मला वाटतं चांगलं चाललेलं एक छोटं हॉटेल ती कसर बऱ्यापैकी भरून काढतं. एकाच बिल्डिंगमध्ये राहून ज्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं अशा बाईंशी माझी ओळख पार्सलच्या लाइनीत झालीये.

वैताग असा की एकदा ओळख झाली की सुटका नाही. ‘नेहमीचंच ना?’ असं त्याने प्रेमाने विचारल्यावर आज मला दुसरं खायचंय हे सांगायला जीभ रेटत नाही हो, आणि मग तेच खाऊन घरी.

आणि वेटिंग! याबाबतीत हॉटेलवाल्यांनी एक गोष्ट शिकायलाच पाहिजे. डेव्हिड माइस्टर म्हणून एकाने १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं, त्याचं सार असं की नुसतं बसून काढलेला वेळ हा कशात तरी गुंतलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, आणि का थांबलोय हे माहीत नसेल तर अजून मोठा वाटतो. आता बघा, एका ठिकाणी मी विचारलं किती वेळ, तर ‘पाचच मिनिटं’, परत विचारलं तर ‘झालंच, पाच मिनिटं’, आणि पाऊण तास गेला. दुसऱ्या ठिकाणी मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, ‘आत्ताच वीस माणसांची ऑर्डर आत गेलीये, तुमचं यायला अर्धा तास लागेल, तोवर मुलांना ब्रेड आणि सूप देऊ का?’ वेळ काही फार कमी लागला नाही तिथे, पण एकदाही चिडचिड झाली नाही. पाच मिनिटंवाल्या ठिकाणी मी आता जात नाही. खरं तर जेवण त्यांचं जास्त चांगलं होतं.

आवाजाला माझ्याकडून पाचपैकी दीड, आणि तो दीडही उदार होऊन. गुळगुळीत टाइल्स, काचेची भिंत, पत्र्याच्या खुर्च्या, टेबलावर कापड नाही, आवाज शोषून घेणारं काहीच नाही, त्यात वर टीव्ही लावलेला. मग काय होतं, शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता म्हणून ते अजून मोठ्याने. याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच कान-घसा डॉक्टरने १९११ मध्ये तो मांडला होता, शंभर वर्षं होऊन गेली तरी हॉटेलवाल्यांपर्यंत पोचला नाही. आणि जेवणावर परिणाम होतो तो वेगळाच, २०११ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनवर मोठा आवाज लावून खायला दिलं तर गोड कमी गोड आणि खारट कमी खारट लागलं, कुरकुरीतपणा मात्र जास्त जाणवला. म्हणजे टीव्हीखालच्या टेबलावर बसून मीठ मागायच्या आधी टेबल बदलून बघा. कोपऱ्यातलं, पडद्याजवळचं टेबल, किचनच्या दारापासून लांब. आणि टीव्हीचा आवाज बंद करा म्हणून सांगायला लाजू नका, मॅच असेल तर मात्र विसरा.

आता पार्सल आणि अ‍ॅप. हा मुद्दा मी जरा ताणणार आहे कारण गेल्या काही वर्षांत या हॉटेलांचं सगळ्यात जास्त काही बदललं असेल तर हेच. तुम्ही टेबलावर बसलेले असता, समोर काउंटरला हेल्मेट घातलेली पाच-सहा मुलं उभी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, किचनमधून येणारी प्रत्येक गरम डिश डब्यात जातेय आणि तुमच्या टेबलावर अजून पाण्याचेच ग्लास. राग येतो. पण मालकाचं गणित बघा. धंद्यातला ढोबळ हिशोब असा की विक्रीच्या साधारण तीस टक्के कच्च्या मालात जातात, जवळपास तेवढेच पगारात, मग भाडं, गॅस, वीज, तुटलेली भांडी, आणि शेवटी हातात राहतात ते फार थोडे टक्के. अ‍ॅपचं कमिशन जगभरात बहुतेक ठिकाणी पंधरा ते तीस टक्क्यांच्या आसपास फिरतं. मग उरलं काय? २०२० मध्ये सगळं बंद पडलं आणि हॉटेलं नुसत्या पार्सलवर आली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहराला या कमिशनवर पंधरा टक्क्यांची मर्यादाच घालावी लागली होती. तरी हॉटेलवाले अ‍ॅप सोडत नाहीत कारण ऑर्डर तिथून येतात, आणि अ‍ॅपवर उशीर झाला की रेटिंग पडतं, म्हणून आधी डबा, मग तुमचं टेबल. तुम्ही समोर बसलेले असूनही तुमचा नंबर नंतर, कारण तुम्ही लगेच तारे देत नाही.

आणि डब्यातलं जेवण ते जेवण नसतंच. तळलेली वस्तू गरम गरम डब्यात घालून झाकण लावलं की तिची स्वतःचीच वाफ झाकणाला लागून परत तिच्यावर ठिबकते, पंधरा मिनिटांत कुरकुरीतचा लगदा. नूडल्स एकमेकांना चिकटून एक वीट. जी डिश टेबलावर छान लागली तीच घरी मागवून ‘क्वालिटी घसरली’ म्हणणारे लोक मला कळत नाहीत. तुमचं हॉटेल चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे ना, मग जा की! नसेल बसायचं तर फोन करून ऑर्डर द्या, स्वतः जाऊन आणा, कमिशन वाचतं, आणि मालकाला ते कळतं बरं का, पुढच्या वेळी डब्यात काहीतरी जास्तीचं निघतं. तळलेल्याच्या डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवायला सांगायचं, बास.

ऑनलाइन रेटिंगवर तर काय बोलावं. मी स्वतः वाचते, नाही असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लूका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता, येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं असं निघालं. गंमत पुढे आहे, हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवरच दिसला, मोठ्या चेनवर नाही. बरोबरच आहे, चेनमध्ये काय मिळणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, तारे बघायचे कशाला. म्हणजे तारे कुणाच्या पोटावर पाय देतात, तर गल्लीतल्या त्या छोट्या मालकाच्या. म्हणून मग नवीन हॉटेल उघडलं की पहिल्या महिन्यात पाच-पाच ताऱ्यांचा पाऊस, सगळे मेहुणे, मित्र, मित्रांचे मित्र, ‘सुपर टेस्ट, सुपर अ‍ॅम्बियन्स’, जेवणाचं नाव एकातही नाही. अमेरिकेत तर २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध नियमच आणला. मी काय करते, पाचवाले आणि एकवाले दोन्ही सोडून तीन ताऱ्यांचे वाचते, आणि त्यातही ज्याने लिहिलंय की आम्ही नेहमी जातो पण हल्ली अमुक एक बिघडलंय, तो सोन्यासारखा रिव्ह्यू. असा माणूस रागावलेला नसतो, त्याला ते हॉटेल टिकायला हवं असतं.

चेनचं नाव निघालंच आहे तर, मी चेनला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. टॉयलेट स्वच्छ असतं, मुलांची खुर्ची असते, चव कालच्यासारखीच असते, प्रवासातून दमून आल्यावर याची किंमत कळते. आणि चेन म्हणजे शहरातून उपनगरात आलेलं काहीतरी परकं असंही नाही, रे क्रॉकने १९५५ मध्ये मॅकडोनाल्ड्सचं आपलं पहिलं दुकान उघडलं ते देस प्लेन्समध्ये, म्हणजे शिकागोच्या उपनगरातच. पण चेनमध्ये तुम्ही म्हणालात की आज जरा तिखट कमी करा, तर तो मुलगा तुमच्याकडे बघत राहतो, त्याच्या मशीनवर तसं बटण नसतं. छोट्या हॉटेलात मालक किचनच्या खिडकीतून ओरडतो, ‘अरे त्या चार नंबरचं तिखट कमी रे!’ आणि सगळ्या हॉटेलला कळतं की चार नंबरला तिखट चालत नाही.

यातली कितीतरी हॉटेलं टिकत नाहीत ते वाईट वाटतं. दहातली नऊ पहिल्या वर्षात बंद पडतात असं लोक ठोकून देतात, ते खरं नाही. पार्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहराची माहिती घेऊन २००५ मध्ये अभ्यास छापला, त्यात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के बंद झाली आणि तीन वर्षांत साधारण ६० टक्के. तरी भयंकरच आहे म्हणा. त्यात मालकांशी बोलून जी कारणं निघाली ती नुसती चव किंवा जागा एवढीच नव्हती, घरच्यांना वेळ देता येत नाही, तब्येत, संसारातली ओढाताण, हेही होतं. हे पटतं. आपण संध्याकाळी फॅमिलीला घेऊन जेवायला जातो तेव्हा तो मालक त्याच्या फॅमिलीबरोबर नसतो, आणि सणाला तर नसतोच नसतो.

बंद पडायच्या आधीची लक्षणं बघून बघून पाठ झालीत. आधी दारावर ऑफरचा बोर्ड, मग दुसरा बोर्ड. मग कार्ड तेवढंच पण अर्ध्या गोष्टींना ‘आज नाहीये’. नॅपकिन पातळ होतात. ओळखीचा वेटर दिसत नाही. मालक गल्ल्यावर नसतो, त्याचा भाचा असतो आणि तो मान वर करत नाही. अशा वेळी मी अजून दोन-चारदा जाते, साधंच काहीतरी मागवते, अ‍ॅपवरून नाही, बसून. त्याने हॉटेल वाचतं असा माझा गैरसमज नाही.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे कुक बदलणं. पाटी तीच, मालक तोच, कार्ड तेच, आणि पहिला घास घेतल्या घेतल्या कळतं की हात वेगळाय. गेल्या महिन्यात आमच्या नेहमीच्या ठिकाणी हेच झालं. नेहमीच्या सॉसमध्ये लसूण आधी परतून मग टोमॅटो जायचा, लसूण खरपूस लागायचा, आता लसूण कच्चा आणि साखर जास्त. मी वेटरला हळूच विचारलं, कुक बदलला का? त्याने एकदा गल्ल्याकडे बघितलं, मग म्हणाला, ‘सुट्टीवर गेलाय ताई.’ कधी येणार, तर ‘येईल’. परवा जाऊन तेच मागवून बघितलं, साखर अजून तशीच. मंगळवारच होता, मालक पण होता, त्याला सांगितलं लसणाचं, त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, एवढं बरं. अजून एकदा जाणार आहे. मागच्या गल्लीत एक नवीन उघडलंय, पाच ताऱ्यांचा पाऊस चालू आहे, तिथे मी पावसाळा संपला की जाईन.